पिवळ्या दिव्यावरचं शुभ-लाभ

अंबडच्या ज्या कारखान्यात मी चौदा वर्षं नोकरी करतेय, तिथे मला 'सर्व्हरच्या मॅडम' म्हणतात. लागले होते पत्रं टाईप करायला. संध्याकाळच्या वर्गाला जाऊन हार्डवेअरचा एक कोर्स केला होता, तेवढ्या भांडवलावर ऑफिसातले कम्प्युटर, प्रिंटर, गेटवरचे कॅमेरे आणि शेवटी तो सर्व्हरही माझ्या गळ्यात पडला. गळ्यात पडला म्हणते खरी, पण मला ते मनापासून आवडायचं. शॉपवरचा, म्हणजे मशिनांच्या शेडमधला, एखादा फोरमन "मॅडम, ड्रॉइंग उघडत नाही" म्हणत दारात उभा राहिला, की मी मुद्दाम दोन मिनिटं मान वर करायचे नाही.

आमच्याकडे पत्रा कापायच्या आणि दाबायच्या डाय, म्हणजे साचे, बनतात. प्रत्येक डायचं ड्रॉइंग त्या सर्व्हरवर. कागदावरची ड्रॉइंगं कधीच रद्दीत गेली. सर्व्हर बंद पडला तर मशीन आहे, माणूस आहे, लोखंड आहे, पण कापायचं काय ते कुणालाच माहीत नाही, अशी गत.

सर्व्हर ठेवलाय जिन्याखालच्या खोलीत, आणि माझं टेबलही तिथेच. त्या खोलीला एसी. मे महिन्यात बाहेर पत्रे तापले की साफसफाईच्या मावशी डबा घेऊन माझ्याकडे यायच्या आणि आम्ही दोघी तिथे जेवायचो. मावशी ठेकेदाराचं माणूस. नऊ वर्षं आमच्याकडे होत्या. दुसऱ्या एका कारखान्यात त्यांच्या मुलाचा हात प्रेसखाली गेला होता, तेव्हापासून तो घरीच. सून, दोन नातवंडं आणि तो मुलगा, सगळं घर मावशींच्या झाडूवर चालायचं. हे मला माहीत होतं. आपल्याला माहीत नव्हतं असं म्हणायचीही सोय माझ्याकडे नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी मशिनं बंद ठेवतात. आदल्या दिवशी घासूनपुसून, तेल लावून लख्ख करतात. नवमीला झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ, आणि मग दसऱ्याची सुट्टी संपेपर्यंत कुणी बटणाला हात लावायचा नाही. मशीनला वर्षातून दोन दिवस आराम. सर्व्हरला मात्र आम्ही चालू असतानाच कुंकू लावायचो. त्या वर्षी आमच्या सरांच्या, म्हणजे मालकांच्या, मनात काय आलं कोण जाणे. म्हणाले, "मॅडम, सगळ्यांना आराम, मग यानेच काय पाप केलंय? यालाही बंद करा."

मी बंद केला. खरं म्हणजे तेव्हा मला काहीतरी आठवायला हवं होतं, ते आठवलं नाही. ते पुढे येईलच.

खोलीतल्या वस्तूंची पूजा दरवर्षी मी करायचे. त्या दिवशी नेमकी माझी पाळी आली होती. चारचौघांत मी हे काही मानत नाही म्हणून तावातावाने बोलते. एकदा तर जेवणाच्या सुट्टीत त्यावरून अकाउंटच्या बाईंशी माझं भांडणही झालं होतं. पण पूजेचं ताट हातात आलं आणि माझा हात मागे झाला. कुणाला कारण सांगायला नको म्हणून मी मावशींना हाक मारली आणि म्हटलं, "मावशी, एवढं कुंकू लावून टाका, मला फोन आलाय."

मावशी बौद्ध. त्या जरा घुटमळल्या. "मॅडम, आमच्यात हे नाय करत."

"अहो, कुंकूच तर लावायचंय, काय होतंय?"

"तुम्ही सांगता तर लावते," त्या म्हणाल्या.

मी दारात उभी होते, कानाला उगाच फोन लावून. "पाणी शिंपडू नका हं, फक्त बोट लावा," असंही वर सांगितलं. मावशींनी वाटीतल्या पाण्यात बोटाचं नुसतं टोक बुडवलं, कुंकू कालवलं, सर्व्हरच्या पुढच्या दारावर पाच बोटं उमटवली आणि झेंडूचं एक फूल वर ठेवलं. पाण्याचा एक थेंब शिंपडला नाही. शॉपवरची पोरं लेथवर फुलाने तांब्याभर पाणी उडवत होती, पण मावशींनी मी सांगितलं तेवढंच केलं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मग हात धुऊन त्या म्हणाल्या, "मी चालले मॅडम, रात्रीची गाडी हाय नागपूरची. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येणार नाय, तुम्हाला सांगितलेलं." दर दसऱ्याला त्या दीक्षाभूमीला जायच्या.

दसऱ्यानंतरच्या पहिल्या दिवशी नारळ फोडून मशिनं सुरू झाली. मी सर्व्हरचं बटण दाबलं. पंखा घरघरला, हिरवा दिवा लागला, आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ आली: सुरू करायला डिस्क सापडत नाही. पुन्हा बंद, पुन्हा चालू. तीच ओळ. तिसऱ्यांदा तीच.

अर्ध्या तासात माझ्या खोलीच्या दारात सहाजण उभे. डिझाइनची दोन मुलं, फोरमन, स्टोअरकीपर, मागे सर. त्या आठवड्यात एक मोठी डाय ट्रायलला जायची होती. फोरमन हळूच म्हणाला, "सगळं गेलं का काय?" चौदा वर्षांत पहिल्यांदाच सगळ्यांसमोर मला काही सुचत नव्हतं, आणि सगळे ते बघत होते.

तेवढ्यात माझी नजर सर्व्हरच्या पुढच्या दारावर गेली. पाच बोटांपैकी एका बोटाचं कुंकू ओघळून जाळीपर्यंत गेलं होतं आणि वाळलं होतं. लाल रेघ, दोन इंचांची.

"पाणी गेलेलं दिसतंय आत," मी म्हटलं.

"पाणी? कुणी घातलं?" सर.

"पूजा मावशींनी केली ना सर, नवमीला."

एवढंच बोलले. खोटं काय बोलले? पूजा मावशींनीच केली होती. पण माझ्या तोंडून ते ज्या सुरात निघालं, तो सूर मी आजही ऐकू शकते. नसलेल्या माणसाच्या डोक्यावर खापर फोडायला फार धाडस लागत नाही. सरांनी तिथल्या तिथे फोन काढला आणि ठेकेदाराला सांगितलं, "ती बाई उद्यापासून नको. लाखमोलाच्या मशीनवर पाणी ओततात लोक." सगळे पांगले. मला कसं मोकळं मोकळं वाटलं! तेही लिहून ठेवते.

मग मी कामाला लागले. सर्व्हरचं झाकण काढलं. आत बॅटरीचा उजेड पाडला. कोरडं ठणठणीत. धूळसुद्धा जागची हलली नव्हती. पाणी गेलं असतं तर त्या धुळीवर डाग पडला असता. मी ते पाहिलं, आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं. ब्लोअरने धूळ उडवली. मेमरीच्या पट्ट्या काढून त्यांची सोनेरी टोकं खोडरबराने घासली, पुन्हा दाबून बसवल्या. वायरी उपसून परत लावल्या. प्रत्येक वेळी बटण, प्रत्येक वेळी तीच ओळ. मनात म्हणत होते, ओलावा असेल कुठेतरी, सापडेल. मला ओलावा सापडायला हवा होता.

शेवटी सेटिंगचा पडदा उघडला. आमच्या सर्व्हरला दोन डिस्क. एकीवर जे लिहिलं जातं तेच दुसरीवरही, म्हणजे एक मेली तरी दुसरी सांभाळते. विकत घेताना सर एकच घेऊ म्हणत होते. मी भांडून दोन घ्यायला लावल्या होत्या आणि वर्षभर त्या शहाणपणाचा तोरा मिरवला होता. आता पडद्यावर एकही दिसत नव्हती. जुन्या नोंदी उघडल्या तर तिथे स्पष्ट लिहिलेलं: पहिली डिस्क निकामी. तारीख रामनवमीच्या आसपासची. म्हणजे सहा महिन्यांपूर्वीची.

मी उठले आणि सर्व्हरच्या पुढच्या बाजूला गेले. डिस्कच्या खणांवर डाव्या कोपऱ्यात एक स्टिकर होता, दिवाळीत उरलेला, सोनेरी अक्षरांतला 'शुभ-लाभ'. नखाने कडा उचलून मी तो सोलला. खाली डिस्कचा बारीकसा दिवा. बिघाड झाला की तो पिवळा लुकलुकतो.

स्टिकर मीच लावला होता. उन्हाळ्यात तो दिवा लुकलुकायला लागला, तेव्हा एका दुकानदाराला फोन करून विचारलं. तशी डिस्क मागवावी लागेल, आठवडा लागेल, म्हणाला. कळवते म्हटलं आणि कळवलं नाही. सरांना सांगायचं तर 'दोन घेतल्या की चिंता नाही' हे माझंच वाक्य मला ऐकवलं असतं. एकदा ते खोलीत आले आणि म्हणाले, "हा पिवळा का लुकलुकतोय?" मी म्हटलं, "ते नॉर्मल असतं सर." त्याच दिवशी वर शुभ-लाभ डकवलं. माझ्या खुर्चीतून तो दिवा सारखा डोळ्यांत जायचा, तो दिसायचा बंद झाला. पंधरा दिवसांत मी विसरलेही. आपलं ठेवावं झाकून म्हणतात, ते मी अक्षरशः केलं होतं.

म्हणजे सहा महिने सगळा कारखाना एकाच म्हाताऱ्या डिस्कवर चालला होता. ती कित्येक वर्षं न थांबता फिरत होती. अशी डिस्क एकदा थंड झाली की पुन्हा फिरेलच असं नाही, हे त्या कोर्समध्ये पहिल्या महिन्यात शिकवतात. नवमीला मी ती माझ्या हाताने थांबवली. मावशींच्या बोटाचा आणि याचा काडीचाही संबंध नव्हता.

घड्याळात दीड वाजला होता. मावशींना काढून अडीच तास झाले होते. जिना चढून सरांच्या केबिनपर्यंत चौदा पायऱ्या. मी खुर्चीत बसून राहिले. स्वतःला म्हटलं, आधी ड्रॉइंगं वाचवू, मग सांगू. आधी हे, मग ते.

दुसरी डिस्क बाहेर काढून माझ्या कम्प्युटरला जोडली आणि कानाशी धरली. नुसती कुरकुर. फिरत नव्हती. एक शेवटचा उपाय असतो, तो शहाण्या माणसाने करू नये असा आहे. डिस्क तळहातावर आडवी धरायची, वीज सोडायची आणि त्याच क्षणी मनगटाला झटका द्यायचा. अडकलेली तबकडी सुटली तर सुटली, नाहीतर कायमची गेली. दोनदा काही झालं नाही. तिसऱ्यांदा आत बारीक सूं असा आवाज सुरू झाला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ती डिस्क मी टेबलावर उशीसारख्या घडी केलेल्या नॅपकिनवर ठेवली आणि एकेक फोल्डर स्टोअरमध्ये पडलेल्या एका साध्या नव्या डिस्कवर ओढायला घेतलं. पाच तास मी खोलीतून उठले नाही. कुणी दार जोरात लावलं तरी अंगावर काटा यायचा.

सगळी ड्रॉइंगं आली. एकही हरवलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याच साध्या डिस्कवर सर्व्हर तात्पुरता पुन्हा उभा राहिला. सरांनी पेढे मागवले. शॉपच्या मधोमध उभं राहून म्हणाले, "मॅडम नसत्या तर आपण रस्त्यावर आलो असतो." टाळ्या वाजल्या. बोलायची ती वेळ होती. चाळीस माणसं समोर उभी, सगळ्यांचं तोंड माझ्याकडे. मी पेढ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि लाजल्यासारखं हसले.

त्याच दुपारी गेटवरून इंटरकॉम वाजला. आमचा वॉचमन दिंडोरीकडचा, भला माणूस. "मॅडम, मावशी आल्यात हो. दुपारच्या गाडीनं उतरल्या म्हणं, अन् थेट इकडंच आल्या. ठेकेदार आत सोडू नको म्हणला, त्यांना काय खरं वाटंना. तुम्हाला भेटायचं म्हणत्यात."

गेटचे कॅमेरे माझ्याच टेबलावर दिसतात. मी पडद्यावर पाहिलं. मावशी प्रवासातल्या साडीत, एका हातात पिशवी, एका हातात मिठाईचा खोका. कॅमेऱ्याला आवाज नाही. त्या वॉचमनला काहीतरी समजावून सांगत होत्या आणि मध्येच आत, माझ्या खोलीच्या दिशेने हात करत होत्या. त्यांना खात्री होती की मॅडमना कळलं की मॅडम येतील.

"मी मीटिंगमध्ये आहे म्हणावं," मी सांगितलं.

पडद्यावर वॉचमनने ते सांगितलेलं मला दिसलं. मावशींनी मान हलवली. खोका त्याच्या हातात दिला, पदर नीट केला आणि चालायला लागल्या. कॅमेऱ्याच्या टप्प्यातून जाईपर्यंत मी पाहत राहिले. थोड्या वेळाने वॉचमन तो खोका माझ्या टेबलावर ठेवून गेला. नागपूरची संत्रा बर्फी. माझ्यासाठी दर वर्षी आणायच्या. मी ती डिझाइनच्या मुलांना वाटून टाकली आणि कुणी दिली ते सांगितलं नाही.

बारा दिवस मी स्वतःला निरनिराळ्या सबबी दिल्या. तेराव्या दिवशी सिडकोच्या पलीकडे त्यांची वस्ती शोधत गेले. संध्याकाळचे सहा वाजले होते. मावशी नुकत्याच एका मेसमधून भांडी घासून आल्या होत्या, बोटं पाण्याने पांढरी पडलेली. मला पाहून त्यांची इतकी धांदल उडाली की मला पळून जावंसं वाटलं. सुनेला चहा टाकायला सांगितलं, मुलाला खाटेवरून उठवलं, मला तिथे बसवलं. मी तोंड उघडणार तोच त्या म्हणाल्या,

"मॅडम, माझ्यामुळं तुमचं लय नुकसान झालं. मी बोटभरच पाणी घेतलेलं. पण त्या मशीनला तेवढंबी चालत नसंल. मला काय कळतंय त्यातलं! तुम्हाला बोलणी बसली असतील."

नऊ वर्षं त्यांनी मला त्या सर्व्हरशी बोलताना पाहिलं होतं. मी म्हटलं पाणी, तर पाणीच असणार. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्यांचा माझ्यावर विश्वास होता. मग मी सगळं सांगितलं. पिवळा दिवा, स्टिकर, दीड वाजता कळलं ते, पेढे, कॅमेऱ्यात पाहिलं तेही. सांगताना रडले. मला वाटतं, त्या माझी समजूत घालतील अशी कुठेतरी माझी अपेक्षा होती.

मावशींनी समजूत घातली नाही. चहाचा कप माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, "सायबांना सांगितलं का हे?"

"नाही अजून."

"मग मला कशाला सांगता?"

आवाज चढवला नाही. खरंच विचारत होत्या. मुलगा भिंतीकडे बघत बसला होता. मी तो चहा कसाबसा संपवला आणि उठले. दारापर्यंत कुणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांच्या केबिनमध्ये गेले आणि उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. नोकरी गेली तर गेली, अशा तयारीने. सर ऐकत राहिले, आणि मग हसले. "मॅडम, डेटा आला ना परत? मग झालं. आणि स्वतःहून येऊन चूक सांगणारं माणूस आजकाल मिळतं कुठे?" त्यांनी माझ्यासमोर ठेकेदाराला फोन लावला आणि म्हणाले, "त्या जुन्या बाईची चूक नव्हती, तिला परत पाठवता येईल का?" पलीकडून तो काहीतरी बोलला. सरांनी फोनवर हात ठेवला. "नवी बाई लावलीय म्हणतो. जुनीला घ्यायचं तर हिला काढावं लागेल. तुम्ही सांगा, काय करू?"

नवी बाई तेव्हा केबिनच्या काचेबाहेर फरशी पुसत होती. तरुण, गळ्यात नवंकोरं मंगळसूत्र. तिनेही कुणाचं काही बिघडवलं नव्हतं.

"राहू द्या सर," मी म्हटलं.

"बघा, मनही मोठं आहे तुमचं," सर म्हणाले आणि फोन ठेवला.

आमचा कारखाना एका बाईला झाडून होत नाही. दोन लागतात, असं मीच कितीदा बोलले होते, मावशींच्या देखत. ते मला केबिनमध्ये सुचलं नाही. संध्याकाळी घरी भाकरी थापताना सुचलं. पण प्रामाणिकपणाची शाबासकी घेऊन झाल्यावर पुन्हा तोच विषय काढायला नको वाटलं, म्हणून दुसऱ्या दिवशीही मी सरांना ते बोलले नाही.